दळणाचे रसायन

जाते, पाटा, उखळ आणि खल ही आपल्या घरांतील फार जुनी साधने आहेत. पहाटेच्या अंधारात जात्याची घरघर सुरू व्हावी आणि तिच्या तालावर ओव्यांचे सूर उमटावेत, हे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. आज जात्याची जागा गिरणीने घेतली असली, तरी दळण्याची क्रिया तीच आहे. ज्वारीचे पीठ होते, हळकुंडाची हळद होते, मिरच्यांचे तिखट होते. परंतु या सर्व ठिकाणी पदार्थाचे रूप तेवढे पालटते. त्याचा मूळ धर्म पालटत नाही. ज्वारीचे पीठ ही अखेर ज्वारीच असते. म्हणूनच दळणे म्हणजे मोठ्याचे लहान करणे, यापलीकडे त्यात काही नाही, असा सामान्य समज आहे.

हा समज पुरता खरा नाही. काही पदार्थ असे आहेत, की ते एकत्र करून जोराने घोटले असता त्यांचे केवळ चूर्ण होत नाही, तर त्यांच्यापासून तिसराच पदार्थ निर्माण होतो. त्यासाठी भट्टी पेटवावी लागत नाही, की आम्लाचे पिंप ओतावे लागत नाही. दाबाने, आघाताने आणि घर्षणाने घडणाऱ्या अशा रासायनिक बदलांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला यांत्रिक रसायनशास्त्र म्हणतात.

या विद्येची एक जुनी खूण भारतातच सापडते. रसवैद्यांच्या खलात पारा आणि गंधक एकत्र घोटून कज्जली तयार करण्याची रीत फार प्राचीन आहे. पारा रुप्यासारखा चकचकीत आणि प्रवाही. गंधक पिवळे आणि ठिसूळ. हे दोन्ही पदार्थ खलात तासन्‌तास घोटले, की हळूहळू पाऱ्याची चकाकी लोपते, गंधकाचा पिवळेपणा जातो आणि काजळासारखे काळे चूर्ण उरते. काजळासारखी म्हणूनच ती कज्जली. त्या चूर्णात पाऱ्याचा एकही चमकता कण दिसता कामा नये, अशी तिची कसोटी होती. आजच्या भाषेत सांगायचे, तर पारा व गंधक यांचा संयोग होऊन तेथे मर्क्युरी सल्फाइड नावाचे संयुग बनलेले असते.

गंमत अशी, की याच्या अगदी उलट क्रियेची नोंद प्राचीन ग्रीस देशात आढळते. ॲरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस पाषाणांविषयी एक ग्रंथ लिहिला. हिंगूळ हे पारा व गंधक यांचेच संयुग आहे. तांब्याच्या खलात तांब्याच्याच बत्त्याने ते व्हिनेगारबरोबर घोटले असता पारा मोकळा होतो, असे त्याने त्यात लिहून ठेवले आहे. येथे गंधक तांब्याला जाऊन मिळते आणि पारा सुटतो. एका देशात खलाने जोडले, दुसऱ्या देशात खलाने सोडवले!

यावर एक शंका साहजिकच निघते. तळहातावर तळहात घासला, तर ऊब येते. मग घोटताना जी उष्णता निर्माण होते, तिच्यामुळेच हे बदल घडत असतील. घर्षणाचा त्यात वेगळा पराक्रम तो कोणता? या शंकेचे उत्तर अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी राहणाऱ्या मॅथ्यू केरी ली या संशोधकाने १८९२ ते १८९४ या काळात दिले. त्याने सिल्व्हर क्लोराइड नावाचे चांदीचे संयुग घेतले. ते तापवले, तर वितळते. पण त्याचे विघटन होत नाही. तेच खलात जोराने घोटले, तर त्यातून चांदी वेगळी होऊ लागते. पाऱ्याच्या क्लोराइडचेही तसेच. उष्णता दिली, तर त्याची वाफ होऊन जाते. घोटले, तर ते फुटते. उष्णतेला जे साधत नाही, ते घर्षणाला साधते, हे यावरून सिद्ध झाले. घर्षण हे केवळ उष्णतेचे दुसरे नाव नव्हे, तर रासायनिक बदल घडवणारी ती एक स्वतंत्र शक्ती आहे.

आता या शक्तीचा आजच्या कारखान्यांशी संबंध कसा येतो, ते पाहू. त्यासाठी आधी ऑक्सिडीकरण म्हणजे काय, ते समजून घेतले पाहिजे. एखाद्या पदार्थाचा प्राणवायूशी, म्हणजेच ऑक्सिजनशी, संयोग होणे हे ऑक्सिडीकरणाचे सर्वांच्या परिचयाचे रूप होय. लाकूड जळते ते ऑक्सिडीकरण, आणि विळ्याला गंज चढतो तेही ऑक्सिडीकरणच. एक झपाट्याने होते, दुसरे सावकाश. आधुनिक उद्योगांत ही क्रिया पावलोपावली लागते. गंधकाच्या वायूचे ऑक्सिडीकरण करून गंधकाम्ल बनवतात. अमोनिया वायूचे ऑक्सिडीकरण करून नायट्रिक आम्ल बनवतात आणि त्यापासून शेतीची खते तयार होतात. मुंबईत ट्रॉम्बे येथील खत कारखान्यात हे आम्ल तयार केले जाते. रंगांच्या व रसायनांच्या कारखान्यांतून निघणाऱ्या घातक वाफाही धुराड्याबाहेर पडण्यापूर्वी ऑक्सिडीकरणाने निरुपद्रवी करता येतात.

मात्र हे वायू एकत्र आणले, की लगेच त्यांचा हवा तसा संयोग होतो, असे नाही. त्यासाठी मध्यस्थ लागतो. असा मध्यस्थ क्रियेला वेग देतो, तिला इष्ट दिशा देतो आणि क्रिया संपल्यावर स्वतः जसाच्या तसा उरतो. त्याला उत्प्रेरक म्हणतात. १८३५ साली स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ बर्झेलियस याने या प्रकाराला प्रथम नाव दिले. अमोनियाच्या ऑक्सिडीकरणात प्लॅटिनम व ऱ्होडियम या मौल्यवान धातूंची जाळी हे काम करते, तर गंधकाम्लाच्या कारखान्यात व्हॅनेडियमचे ऑक्साइड. यांतील पहिली पद्धत विल्हेल्म ओस्टवाल्ड या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी प्रचारात आणली. उत्प्रेरकांवरील कार्याबद्दल त्याला १९०९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि यांत्रिक रसायनशास्त्राला त्याचे नाव देणाराही हाच ओस्टवाल्ड! एकाच माणसाने ज्या दोन विद्यांची नावे उजळली, त्या विद्या खऱ्या अर्थाने एकत्र येण्यास मात्र पुढे बराच काळ जावा लागला.

उत्प्रेरकाचे महत्त्व किती मोठे असते, हे खाणकामगारांच्या उदाहरणावरून चांगले समजेल. कोळशाच्या खाणीत आग लागली किंवा स्फोट झाला, की कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. श्वासाबरोबर तो शरीरात शिरतो आणि रक्तातील ज्या तांबड्या द्रव्याने प्राणवायू वाहून न्यायचा, त्यालाच घट्ट चिकटून बसतो. प्राणवायूपेक्षा त्याची ही पकड दोनशे पटींहून अधिक असते. माणूस झोपेत गेल्यासारखा गळून पडतो आणि मरण पावतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन याने १८९६ साली खाणींतील स्फोटांविषयी एक अहवाल लिहिला. स्फोटाच्या तडाख्याने जितके कामगार मरतात, त्यांहून कितीतरी अधिक या वायूने मरतात, असे त्यात त्याने दाखवून दिले. त्याच्याच सूचनेवरून खाणीत कॅनरी नावाचे लहान पक्षी पिंजऱ्यातून नेण्याची पद्धत सुरू झाली. पक्षी माणसाच्या आधी कोसळे आणि धोक्याची सूचना मिळे. ब्रिटनमधील खाणींत ही पद्धत १९८६ सालापर्यंत चालू होती.

पक्षी धोका सांगत असे. पण धोका दूर करू शकत नसे. ते काम एका उत्प्रेरकाने केले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स आणि कॅलिफोर्निया या दोन विद्यापीठांतील संशोधकांनी तांबे व मँगनीज यांच्या ऑक्साइडांचे एक मिश्रण शोधून काढले. दोन्ही विद्यापीठांची नावे जोडून त्याला हॉपकॅलाइट असे नाव मिळाले. या काळ्या दाण्यांतून विषारी हवा गेली, की नेहमीच्या तापमानातच कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डायऑक्साइड बनतो. हॉपकॅलाइट भरलेली छोटी डबी कमरेला बांधून कामगार खाणीत उतरू लागले. संकटाच्या वेळी ती तोंडाला लावायची आणि बाहेरची वाट धरायची. आत येणारी हवा क्रियेच्या उष्णतेने गरम लागते. पण ती गरम लागते म्हणजेच डबी आपले काम करीत आहे, हे कामगारांना आधी शिकवलेले असते. दमटपणाने मात्र हा उत्प्रेरक निकामी होतो. म्हणून डबीत ओलावा शोषून घेणारा एक थरही ठेवावा लागतो.

असा हा प्राण वाचवणारा पदार्थ. पण तो घडवण्याची नेहमीची रीत तितकी निर्मळ नाही. तांबे व मँगनीज यांची नायट्रेट नावाची संयुगे पाण्यात विरघळवतात. त्यांत धुण्याच्या सोड्याचे द्रावण मिसळतात. तळाशी जो साका बसतो, तो गाळून पुनःपुन्हा धुतात, वाळवतात आणि भट्टीत भाजतात. धुण्यात कसूर करून चालत नाही. कारण सोड्याचा अंश मागे राहिला, तर उत्प्रेरकाचा गुण उतरतो. आता थोडे गणित करू. या रीतीने ६४ किलो तांब्याचा साका पाडला, तर सुमारे १७० किलो सोडियम नायट्रेट धुण्याच्या पाण्यात उतरते. त्यातील नायट्रेटचा भाग सुमारे १२४ किलो भरतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या एक लिटर पाण्यात नायट्रेट ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असू नये. म्हणजे एवढे नायट्रेट त्या मर्यादेत आणण्यासाठी सुमारे साडेसत्तावीस लाख लिटर स्वच्छ पाणी लागेल! ते तसेच नदीनाल्यात सोडले, तर शेवाळ माजते आणि मासे गुदमरतात. विहिरीच्या पाण्यात उतरले, तर तान्ह्या बालकांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती खालावते. हे टाळायचे, तर ते पाणी शुद्ध करण्याचा खर्च आणि खटाटोप कारखान्याला करावाच लागतो.

खाणीतील माणसाचा श्वास शुद्ध करायचा आणि त्यासाठी गावाचे पाणी अशुद्ध करायचे, हा व्यवहार शहाणपणाचा नव्हे. म्हणूनच शास्त्रज्ञांची दृष्टी पुन्हा खलाकडे वळली. पाण्यात विरघळवणे, साका पाडणे आणि धुणे या पायऱ्याच गाळता आल्या, तर?

आता हा खल वैद्याचा राहिला नव्हता. त्याचे काम बॉल मिल नावाचे यंत्र करू लागले होते. अतिशय कठीण पोलादाचे किंवा झिर्कोनियासारख्या टणक पदार्थाचे एक भांडे, त्यात तशाच टणक गोळ्या आणि गोळ्यांच्या सोबतीला दळायची पूड, अशी त्याची साधी रचना. यंत्राच्या एका प्रकारात ग्रह जसे स्वतःभोवती फिरत फिरत सूर्याभोवती फिरतात, तसे हे भांडे दुहेरी गतीने मिनिटाला शेकडो फेरे घेते. आतल्या गोळ्या एकमेकींवर आणि भांड्याच्या भिंतीवर आदळतात. दोन गोळ्यांच्या मध्ये सापडलेला कण चेपला जातो, फुटतो, दुसऱ्या कणाला चिकटतो आणि पुन्हा फुटतो. प्रत्येक वेळी त्याची नवी, कोरी बाजू उघडी पडते. स्फटिकात ओळीने बसलेले अणू जागचे ढळतात. विस्कळित झालेले असे अणू शेजारच्या परक्या अणूंशी चटकन बंध जोडतात. हजारो आघातांनंतर दोन पुडींचे एकच नवे द्रव्य बनते.

या दळण्याचा दुसराही लाभ आहे. घन उत्प्रेरकाचे काम त्याच्या पृष्ठभागावर चालते. पोटातल्या अणूंचा वायूशी संबंधच येत नाही. म्हणून वजन तेवढेच ठेवून पृष्ठभाग जितका वाढेल तितके चांगले. एक सेंटिमीटर बाजूचा घन घेतला, तर त्याच्या सहा बाजूंचे क्षेत्रफळ ६ चौरस सेंटिमीटर भरते. त्याचे एक मिलिमीटर बाजूचे १,००० घन केले, तर एकूण क्षेत्रफळ ६० चौरस सेंटिमीटर होते. असेच लहान लहान करीत मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापर्यंत गेलो, तर त्याच एवढ्याशा घनाचे क्षेत्रफळ ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ दीड एकर होईल! बोटाच्या पेराएवढ्या वस्तूत दीड एकराचे शेत दडलेले असते; ते उलगडून दाखवण्याचे काम दळण करते.

या मार्गाने मिळालेले यश आता कल्पनेपुरते उरलेले नाही. ब्रिटनमधील कार्डिफ विद्यापीठात तांबे व मँगनीज यांची ऑक्साइडे बॉल मिलमध्ये एकत्र दळण्यात आली. त्यांपासून नेहमीच्या तापमानात कार्बन मोनॉक्साइडचे ऑक्सिडीकरण करणारा उत्प्रेरक तयार झाला. हे संशोधन २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्यात नायट्रेट नाही, सोडा नाही, की धुण्याचे पाणी नाही. यांपैकी मँगनीजचे खनिज तर आपल्या विदर्भात नागपूर व भंडारा जिल्ह्यांतील खाणींतून निघते. जर्मनीत म्यूलहाइम येथील माक्स प्लांक संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली आणखी पुढचे पाऊल टाकले. धातूची जाडीभरडी पूड आणि तिला आधार देणारे ऑक्साइड एकत्र दळून धातूचे अतिसूक्ष्म कण त्या ऑक्साइडावर थेट बसवता येतात, हे त्यांनी दाखवले. त्याच वर्षी त्यांनी बॉक्साइटमध्ये आढळणाऱ्या बोहमाइट या द्रव्यापासून केवळ दळून कुरुंद बनवला. एरवी असा कुरुंद बनवण्यास १,००० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते आणि तेवढ्या तापाने कण एकमेकांत मिसळून पृष्ठभाग घटतो. दळून केलेल्या एका ग्रॅम कुरुंदाचा पृष्ठभाग मात्र १०० चौरस मीटरांहून अधिक भरला. उत्प्रेरकाला बैठक म्हणून असा टिकाऊ पदार्थ फार उपयोगी असतो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही या विद्येची उपासना झाली आहे. तेथील संशोधकांनी साध्या खलात हाताने घोटून सच्छिद्र जाळीदार सेंद्रिय पदार्थ तयार केले आणि २०१३ साली ते कार्य जगापुढे मांडले.

तथापि कोणतीही रीत सर्वगुणसंपन्न नसते. बॉल मिल फिरवण्यास वीज लागते. ती कोळसा जाळून मिळवली, तर धूर एका ठिकाणचा दुसऱ्या ठिकाणी गेला, एवढेच होईल. गोळ्या झिजतात आणि त्यांचा अंश पुडीत मिसळतो. उत्प्रेरकाच्या कामात असा चिमूटभर परका धातूही कधी घातक ठरतो. काही उत्प्रेरकांना दळल्यानंतरही थोडे भाजावे लागते. शिवाय प्रयोगशाळेत मूठभर पूड दळणे वेगळे आणि कारखान्यात टनावारी दळणे वेगळे. यावर उपाय म्हणून भांडे भरण्या-रिकामे करण्याऐवजी दोन मळसूत्री दांड्यांमधून पूड सतत मळत पुढे ढकलणारी यंत्रे वापरून पाहिली जात आहेत. सोऱ्यातून चकली अखंड बाहेर पडावी, तसे त्यांतून द्रव्य बाहेर पडते.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. घर्षणात रासायनिक शक्ती आहे, याचाच अर्थ त्यात धोकाही आहे. पाऱ्याची वाफ विषारी असते. काही पदार्थ तर एकत्र घोटताच भडका घेतात किंवा त्यांचा स्फोट होतो. दिवाळीच्या दारूकामात अशा घासण्याने अनेक अपघात घडलेले आहेत. म्हणून मुलांनी कोणतीही रसायने घरच्या खलात घोटून पाहू नयेत. असे प्रयोग जाणत्या शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोगशाळेतच व्हावेत.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांत रसायनशास्त्राने मुख्यतः विस्तव आणि पाणी या दोहोंच्या बळावर आपला संसार थाटला. त्याने खते दिली, औषधे दिली, रंग दिले. पण त्याबरोबर गढूळलेल्या नद्याही दिल्या. कारखान्यातून काय बाहेर पडते, एवढेच पाहून आता भागणार नाही. ते कसे घडते, हेही पाहावे लागेल. साध्य जितके शुद्ध, तितकेच साधनही शुद्ध असावे, हे थोरांचे वचन केवळ माणसाच्या आचरणाला लागू आहे असे नाही. ते उत्प्रेरकाच्या चिमूटभर पुडीलाही लागू आहे. माजघरातल्या जात्याने आणि वैद्याच्या खलाने जी क्रिया शतकानुशतके मुकाट्याने केली, तिच्यातच या शुद्ध साधनाची एक वाट दडलेली होती. ती वाट रुंद करण्याचे काम उद्याच्या शास्त्रज्ञांचे आहे.

अभ्यास

१. धान्य दळणे आणि कज्जली घोटणे या दोन क्रियांत कोणता भेद आहे?
२. घर्षणाची शक्ती उष्णतेहून वेगळी आहे, हे मॅथ्यू केरी ली याने कसे सिद्ध केले?
३. हॉपकॅलाइट बनवण्याच्या नेहमीच्या रीतीत पाण्याचे प्रदूषण कशामुळे होते?
४. पदार्थाचे कण बारीक केल्याने उत्प्रेरकाचा गुण का वाढतो? दोन सेंटिमीटर बाजूच्या घनाचे एक सेंटिमीटर बाजूचे घन केले, तर एकूण क्षेत्रफळ किती पट होईल, ते काढा.
५. ‘साध्य जितके शुद्ध, तितकेच साधनही शुद्ध असावे’ हा विचार या पाठाच्या आधारे आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.